खण चॅनलवर नीट बसेना, ड्रॉइंग तर बरोबर आहे!

भुसाभर:
मंडळी, नमस्कार. सुतारकाम हा माझा सुट्टीच्या दिवसाचा छंद. आजवर सगळं पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने काढून केलं. या वेळी हौसेने स्केचअप (संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) शिकलो आणि दोन खणांचं बुटकं कपाट त्यात काढलं. बाहेरून रुंदी ८००, मधे एक उभी फळी, प्लाय १८ मिमीचा. म्हणजे प्रत्येक कप्पा आतून ३७३. टेलिस्कोपिक चॅनलला (खण ज्यावर सरकतो त्या धातूच्या पट्ट्या) दोन्ही बाजूंना १२.७ मिमी जागा लागते, म्हणून २६ वजा करून खण ३४७चे धरले. स्क्रीनवर सगळं झकास.

कापलं, जोडलं. खण लावायला गेलो तर दोन्ही बाजू मिळून २८ मिमी मोकळे! स्क्रू आवळले की चॅनल तिरके ओढले जातात आणि खण अर्ध्यावर अडतो. ड्रॉइंग चार वेळा तपासलं, बेरीज-वजाबाकी बरोबर आहे.

दुसरं दुखणं म्हणजे, मधेच वाटलं की रुंदी ९०० करावी. एक फळी ओढली तर शेजारचीही तिला चिकटून आली, सगळा चोथा झाला. माझी पद्धत चुकतेय की सॉफ्टवेअरच बदलू? फ्यूजन किंवा फ्रीकॅड शिकावं का?

गुण्या:
कॅलिपर आहे का? उरलेल्या तुकड्याची जाडी मोजा आणि इथे लिहा. मग बोलू.

भुसाभर:
१७.२! तीन ठिकाणी मोजली. घेताना तर १८चा म्हणूनच घेतला होता.

गुण्या:
सापडला चोर. आता हिशेब बघा. तळाची फळी तुम्ही ७६४ कापलीत, ती बरोबर. मधली फळी १७.२ची, म्हणून कप्पा झाला ३७३.४. खणाची पुढची-मागची पट्टी ३४७ वजा ३६, म्हणजे ३११ कापली असणार. तिच्या दोन्ही बाजूंना १७.२च्या फळ्या लागल्या, खण झाला ३४५.४. ३७३.४मधून ३४५.४ गेले, उरले बरोबर २८. तुमची वजाबाकी चुकली नाही, प्लायने तुम्हाला फसवलं. १८ हे त्याचं नाव आहे, माप नाही. मीही याच खड्ड्यात पडलोय, तेही दोनदा.

आता चोथ्याबद्दल. स्केचअपमध्ये मोकळ्या रेषा आणि पृष्ठभाग एकमेकांना चिकटतातच, तो त्याचा स्वभाव आहे. म्हणून एक फळी काढून झाली की दुसरीला हात लावण्याआधी पहिलीचा कॉम्पोनंट (न चिकटणारा, स्वतंत्र तुकडा) करायचा आणि तिला नाव द्यायचं. 'डावी बाजू', 'तळ', काहीही, पण नाव हवं. आपण कपाट काढत नाही, कपाटाचे तुकडे काढतो आणि ते स्क्रीनवर जोडतो. टेबलाचे चार पाय असतील तर एकच पाय काढा आणि त्याच्याच प्रती फिरवून, उलटवून लावा. मग एका पायात कुसवासाठी (सांध्यात घुसणाऱ्या टोकासाठी) खाच पाडली की चारही पायांत पडते. एखादा पाय वेगळा हवा असेल तर त्याला आधी 'मेक युनिक' करा, नाहीतर चारही बिघडतील. आणि रुंदी वाढवायला स्केलचं हत्यार वापरू नका. सबंध कपाट ताणलंत की उभ्या फळ्यांची जाडीही ताणली जाते आणि १८चा प्लाय गुपचूप २०.२५चा होतो.

सॉफ्टवेअर बदलायचं का? एकच कपाट करायचं असेल तर नको. तेच कपाट पुन्हा पुन्हा वेगळ्या मापांत लागणार असेल तर जरूर बदला. फ्रीकॅडमध्ये स्प्रेडशीट असते. एका खान्यात प्लायची जाडी ठेवायची, बाकी सगळी मापं त्यावरून काढायची. १८च्या जागी १७.२ टाकलं की खणाची पट्टी आपोआप ३१३.८ होते. फ्यूजनमध्ये हेच पॅरामीटरने, म्हणजे नाव दिलेल्या मापाने होतं. फ्रीकॅडची जुनी आवृत्ती घेऊ नका. तिच्यात मागचं स्केच बदललं की पृष्ठभागांचे क्रमांक हलायचे आणि पुढची खाच भलत्याच बाजूला जायची. २०२४च्या नोव्हेंबरात आलेल्या १.०मध्ये तो त्रास बराच कमी झालाय.

अजून एक, तुम्ही विचारलं नसलं तरी. कापणीची यादी काढताना करवतीचं पातं किती खातं ते भरा. १२२० रुंदीच्या शीटमधून २०३च्या सहा पट्ट्या कागदावर निघतात, २ मिमी उरतातसुद्धा. पण ३ मिमीचं पातं पाच कापांत १५ मिमी भुसा करतं आणि सहावी पट्टी १३ने कमी पडते. स्केचअपला ओपनकटलिस्ट (कापणीची यादी काढणारी जोडणी) जोडलंत तर ते हा हिशेब करतं. तो आकडा शून्य ठेवलात तर तेही बिचारं काय करणार.

जुना_रंधा:
गुण्या म्हणतात ते सगळं मान्य, पण खणाचं माप मी ड्रॉइंगवरून घेतच नाही. कपाट उभं राहू द्यावं, कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात आहेत का ते बघावं, मग कप्प्यात काठी धरून पुढे आणि मागे दोन्हीकडे खूण करावी. दोन खुणा क्वचितच जुळतात. जी लहान असेल तिच्यातून वजाबाकी. खण, दारं, पाठीची फळी हे सगळं शेवटी कापायचं.

आणि पुढे कधी प्लायऐवजी सबंध लाकडात काम केलंत तर संगणकावर मुळीच विसंबू नका. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. स्क्रीनवरची ६०० रुंदीची फळी वर्षभर ६००च राहते, खरी फळी काही मिमी हलते. चौकटीतल्या पॅनलला खोबणीत मोकळी जागा ठेवा आणि टेबलाचा माथा लांबट भोकांतून स्क्रूने धरा. गोंदाने चिकटवलात तर तो चिरणार.

गुण्या:
काठीचं पटलं. मी तरीही खण स्क्रीनवर काढतो, प्लाय किती लागेल ते कळायला. कापतो मात्र मोजूनच.

बाकी, स्केचअप उघडल्यावर तिथे एक माणूस उभा असतो, सगळे त्याला आधी पुसतात. असू द्या त्याला. स्क्रीन जवळ-लांब करताना आकाराचं भान सुटतं आणि हत्तीच्या पायाएवढे पाय नाजूक वाटायला लागतात.

भुसाभर:
माणूस मी पहिल्याच मिनिटाला पुसला होता. :)

खण मोडायचे नव्हते, म्हणून दोन्ही बाजूंच्या चॅनलखाली १ मिमी लॅमिनेटची एकेक पट्टी घातली. २८चे झाले २६. डावा खण एका बोटाने सरकतो. उजवा मागे थोडा घासतोय, तिथे काठी धरून बघतो.