'मोहीनेर घोडागुली' हा बंगाली रॉक बँड तुमच्यापर्यंत कसा पोचला?

२००६ साली कर्वेनगरला आम्ही तिघी एका खोलीत राहायचो. 'गँगस्टर'मधलं 'भीगी भीगी' तेव्हा रेडिओवर सारखं लागायचं. एकदा माझी बंगाली रूममेट म्हणाली, "ही चाल आमच्याकडची," आणि तिने 'मोहीनेर घोडागुली'चं मूळ गाणं म्हणून दाखवलं. सिनेमात विरहाचं गाणं. मुळात मात्र सॅटेलाइट आणि केबलमुळे जग लहान होत होत दिवाणखान्यातल्या खोक्यात येऊन बसलंय, आणि तू नि मी ताऱ्यांपेक्षाही लांब सरकत चाललोय! तिने अर्थ सांगितला आणि अंगावर काटा आला.

सत्तरच्या दशकात कोलकात्यातल्या सात जणांचा हा बँड, गौतम चट्टोपाध्याय त्यांतले म्होरके. नाव बंगाली कवी जीवनानंद दासांच्या कवितेतून घेतलेलं: महीनचे घोडे. १९७७ ते १९७९ मध्ये तीन रेकॉर्ड निघाल्या, तेव्हा फार कुणी विचारलं नाही, १९८१ च्या सुमारास सगळे पांगले. आज बंगाली बँडचा विषय निघाला की सुरुवात त्यांच्यापासूनच होते.

पुण्यात त्यांना ऐकणारे बरेच भेटलेत मला. लिहा ना, सविस्तर लिहा. आलेली काही उत्तरं खाली:

नारायण पेठ
'हाय भालोबाशी' मुलाने ऐकवलं. त्यात पिकासो, बीटल्स, डिलन, बेटोव्हन यांच्यावरचं प्रेम आहे, आणि रविशंकर, अली अकबर ऐकून पहाटे धुक्यातून घरी परतायचंही. मी एकदम रमणबागेत पोचलो. सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा तेव्हाची डिसेंबरातली पहाट, अंगावर शाल, रस्त्यात चहा, आणि बरोबरच्या मित्राशी एक शब्दही बोलावासा वाटायचा नाही. तो मित्र आता नाही. कोलकात्यातल्या कुणा पोराने आमची ती पहाट १९७७ सालीच गाण्यात बांधून ठेवली होती. रॉक म्हणजे नुसता गोंगाट, असं मी चाळीस वर्षं म्हणत आलो. ते मागे घेतो.

औंध
सासूबाई कोलकात्याच्या. १९९५ ची 'आबार बोछोर कुडी पोरे' ही कॅसेट त्या लग्नानंतर आमच्याकडे घेऊन आल्या. 'पुन्हा वीस वर्षांनी', हे शब्दही जीवनानंदांचेच. त्यात नव्या पोरांनी गायलंय. १९९९ मध्ये गौतम गेले तेव्हा त्या दिवसभर स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. पुढे 'लक्खीछाडा' बँडमध्ये गौतम यांचा मुलगा ड्रम वाजवतो हे कळल्यावर मलाच आधी फोन केला.

काँग्रेस भवनाजवळ
दुर्गापूजेला खिचडीचा भोग खायला गेलो होतो. कोपऱ्यात चार मुलांनी गिटारवर यांचं गाणं धरलं आणि साठीच्या काकूंपासून सगळे गायला लागले. शब्द येत नसणारा मी एकटाच. घरी येऊन पाठ केले.

धनकवडी
आमचा कॉलेजचा बँड फक्त इंग्रजी वाजवायचा. हे ऐकल्यावर मी पहिल्यांदा मराठीत लिहायला बसलो. मराठी शब्द त्या ठेक्यात बसेनात. आपले दीर्घ स्वर ओढले की ताल मागे पडायचा. महिनाभर झगडलो. मग एका मित्राने सुचवलं, ड्रम बंद कर आणि ओवीसारखं म्हण. गॅदरिंगला तसंच म्हटलं. पहिल्या रांगेत आई होती. माझं गाणं तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.