शब्दचर्चा: आदान, निविष्ठा की कच्चा माल?

शब्दवेल्हाळ: भारताच्या इनपुट-आउटपुट टेबलवर, म्हणजे कुठले क्षेत्र कुठल्या क्षेत्राचा माल वापरते ते दाखवणाऱ्या तक्त्यावर, मराठीत लेख लिहिते आहे. पाठ्यपुस्तकांत ‘आदान-प्रदान तक्ता’ असतो, पण तो वाचला की विचारांचे आदान-प्रदान आठवते, तू मला दे, मी तुला देतो. इथे गिरणीत कापूस जातो आणि सूत बाहेर पडते, परतफेड कुठेच नाही. ‘आदान’ऐवजी सरळ ‘कच्चा माल’ म्हणू का? आणि तक्त्यासाठी ‘माहितीचे स्त्रोत’ असा एक मोठा परिच्छेद आहे, ते ठीक वाटते का?

काटेकोर: स्रोत. मधला ‘त’ काढा. ‘स्रु’ म्हणजे वाहणे, त्यावरून तो शब्द आला आहे. तसा मला इथे ‘स्रोत’ही जड वाटतो. ‘हे आकडे कुठून घेतले’ एवढे म्हटले तरी भागते.

तक्तेबाज: ‘कच्चा माल’ नको. वीज, विमा, बँकेचे शुल्क, यंत्रांची दुरुस्ती हेही तक्त्यात आदानच असते आणि त्यातले काहीच कच्चा माल नाही. वार्षिक औद्योगिक पाहणीचा फॉर्म पाहा. कारखान्यांची माहिती मुख्यतः तिथूनच येते. ‘एच’ भागात देशी माल, वीज आणि इंधन, ‘आय’मध्ये थेट आयात केलेला माल, ‘जे’मध्ये तयार झालेली उत्पादने आणि उपउत्पादने. विम्यासारखे खर्च तर ‘एफ’ भागात वेगळेच बसतात. तक्ता करणारा हे सगळे गोळा करून त्या उद्योगाच्या एका उभ्या रकान्यात मांडतो.

ही पाहणी विजेवर चालणाऱ्या आणि दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांची, वीज नसेल तर वीस कामगारांची. त्याखालच्या पिठाच्या गिरण्या, यंत्रमाग, सुतारकाम यांच्यासाठी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या असंघटित उद्योगांवरच्या फेऱ्या वापरतात, उदाहरणार्थ २०१०-११ ची ६७ वी किंवा २०१५-१६ ची ७३ वी. आयात-निर्यातीचे आकडे कस्टमच्या नोंदींवरून कोलकात्याच्या वाणिज्यिक माहिती महासंचालनालयाकडे जमतात. सरकारी खर्च अंदाजपत्रकातून निघतो.

बांधावरून: मग ‘निविष्ठा’ घ्या की. गावोगावच्या कृषी सेवा केंद्रांमुळे शेतकऱ्याच्या तोंडात तो शब्द बसला आहे. बियाणे, खते, औषधे म्हणजे निविष्ठा.

तक्तेबाज: शेतीच्या रकान्यापुरता तो उत्तम आहे आणि एका बाबतीत ‘खर्च’पेक्षा कितीतरी चांगला. शेतीची माहिती बरीचशी पीक उत्पादन खर्चाच्या केंद्रीय योजनेतून येते, महाराष्ट्रात ते काम राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ करते. त्या योजनेत मजुरी हा खर्च आहे. तक्त्यात मात्र मजुरी आदान नाही, ती खाली मूल्यवृद्धीत, म्हणजे उत्पादनातून आदाने वजा करून उरते त्यात, जाते. ‘शेतीचा खर्च’ लिहिलेत की वाचक मजुरी धरूनच बेरीज करणार. ‘निविष्ठा’ म्हटले की तो आपसूक बियाण्या-खतापाशी थांबतो.

बांधावरून: आणि घरचे बियाणे, शेणखत? ते काही कोणी विकत आणत नाही.

तक्तेबाज: त्यांची किंमत लावून ती धरतात. गंमत अशी की कारखान्याला हा नियम नाही. साखर कारखान्याचे चिपाड त्याच्याच बॉयलरमध्ये जळते. औद्योगिक पाहणीत ते ना आदान म्हणून येते ना उत्पादन म्हणून, कारण जे आपणच बनवून आपणच वापरले ते तिथे मोजत नाहीत. दुसऱ्या कारखान्याला विकले तर मात्र दोन्हीकडे दिसते. म्हणून मला शब्दांत ‘जे आत गेले’ हा अर्थ पुरेसा वाटत नाही. आदान म्हणजे कुठल्यातरी फॉर्मवर नोंदले गेलेले आत जाणे, आणि प्रत्येक फॉर्मचे नियम वेगळे. लेखात व्याख्या द्याल तेव्हा एवढे लिहाच.

शब्दवेल्हाळ: म्हणजे तक्त्याच्या नावात ‘आदान-प्रदान’ ठेवायचे, शेतीच्या रकान्याला ‘निविष्ठा’ म्हणायचे. एकाच लेखात दोन शब्द झाले, पण चालवून घेते. ‘प्रदान’ खटकतेच. प्रदान समारंभात होते!

काटेकोर: जुन्या पुस्तकांत ‘प्रदा’ही सापडेल. वाचकाला दोन्ही सारखेच परके. मजकुरात ‘उत्पादन’ लिहा, नावात परंपरेने आलेला शब्द राहू द्या.

गुऱ्हाळ: किमतीचे शब्दही ठरवून घ्या, तिथे खरी फसगत आहे. ऊस कारखान्याच्या दारात येईपर्यंत त्यावर तोडणी आणि वाहतूक चढलेली असते. साखरेचा आकडा मात्र फाटकाबाहेर पडतानाचा, वितरणखर्च आणि कर वगळून. एकाच कारखान्याचे दोन आकडे दोन ठिकाणांहून मोजलेले. म्हणून ‘खरेदीदाराची किंमत’ (दारात पोचल्यावरची) आणि ‘मूळ किंमत’ (फाटकातली) अशी जोडी लागते. पहिलीतून दुसरीकडे जाताना व्यापार आणि वाहतुकीचा भाग काढून त्या-त्या क्षेत्राच्या ओळीत ठेवतात. ‘बाजारभाव’ असे मोघम लिहू नका, तो नेमका कुठला ते कळत नाही.

शब्दवेल्हाळ: आणि ‘बॅलन्सिंग’? ‘समतोल’?

तक्तेबाज: ‘ताळमेळ’. उभ्या रकान्याची माहिती उत्पादकाकडून येते, आडव्या ओळीची बरीचशी वापरणाऱ्याकडून. घरगुती खर्चाची पाहणी म्हणते लोकांनी अमुक इतके कापड घेतले, गिरण्यांच्या आकड्यांवरून काहीतरी दुसरेच निघते. दोन बेरजा जुळेपर्यंत आकडे सरकवावे लागतात, आणि कुठल्या नोंदीवर जास्त भरवसा ठेवायचा हे करणाऱ्यालाच ठरवावे लागते. समतोल हा शब्द फार शांत वाटतो त्या झटापटीला.

शब्दवेल्हाळ: शेवटचे. आता ‘सप्लाय-यूज टेबल’ही आले आहेत ना?

तक्तेबाज: हो. २००७-०८ च्या १३० क्षेत्रांच्या तक्त्यानंतर भारताने २०११-१२ पासून तेही काढले, १४० उत्पादने आणि ६६ उद्योग. ‘पुरवठा-वापर तक्ते’ म्हणा, अनेकवचन सांभाळा, कारण ते दोन असतात. साखर, मळी आणि विकलेली वीज अशी एकाच उद्योगाची वेगवेगळी उत्पादने पुरवठ्याच्या तक्त्यात वेगळी मांडता येतात.

बांधावरून: मळीला ‘उपपदार्थ’ लिहा बरं का, ‘उपउत्पादन’ नको. कारखान्याच्या वार्षिक सभेत कोणी तसे म्हणत नाही.