चर्चा: नागपूरच्या क्रीडापानाला पगारी व्यंगचित्रकार हवा की तो जमाना गेला?

बर्डीकर

नागपुरातल्या वर्तमानपत्रांनी क्रीडापानासाठी पगारी व्यंगचित्रकार नेमावा, असं माझं मत आहे. पहिल्या पानावर पुढाऱ्यांची टोपी उडवणारा नव्हे. रणजीपासून यशवंत स्टेडियमवरच्या शाळकरी स्पर्धांपर्यंत सगळं पाहणारा आणि रोज त्याच पानावर दिसणारा.

बाहेर या कामावर आख्खं आयुष्य काढलेली माणसं आहेत. न्यूयॉर्कचा विलार्ड मुलिन १९३४ पासून 'वर्ल्ड-टेलिग्राम'मध्ये काढत होता, थेट १९६६ मध्ये पेपर बंद पडेपर्यंत. ब्रुकलिन डॉजर्स हा तिथला बेसबॉल संघ. मैदानावरून परतताना टॅक्सीवाल्याने 'आपल्या भणंगांचं आज काय झालं' असं काहीतरी विचारलं आणि मुलिनला पात्र सापडलं: दाढीचे खुंट, फाटके बूट, ठिगळाचे कपडे. पुढे लोक संघाला त्याच भणंगावरून ओळखायला लागले. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या व्यंगचित्रकारांच्या संघटनेने त्याला शतकातला क्रीडा-व्यंगचित्रकार ठरवलं.

मेलबर्नचा विल्यम एलिस ग्रीन 'वेग' अशी सही करायचा. १९५४ मध्ये फुटस्क्रे संघ जिंकला तेव्हा त्याने ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या विजेत्यांचं पोस्टर काढलं आणि मग २००८ पर्यंत काढतच राहिला. पोस्टरच्या विक्रीचा पैसा पुढे मुलांच्या रुग्णालयाला जाऊ लागला.

आणि आपण? विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीनदा रणजी जिंकली. पानभर फोटो आले, करंडकासोबत. या संघाचं एक तरी चित्र तुमच्या डोळ्यांपुढे येतं का?

रात्रपाळी

क्रीडापान लावण्यात माझी उमेद गेली, म्हणून जमिनीवरचं सांगतो. डे-नाइट सामना संपतो तोवर बाहेरगावची डाक आवृत्ती सुटलेली असते. शहर आवृत्तीत निकालावर चित्र हवं असेल तर चित्रकार आधीच दोन काढून ठेवतो, एक जिंकल्याचं, एक हरल्याचं. पावसाने सामना धुतला की दोन्ही वाया. त्यात जाहिरात आली की पहिली कात्री चित्रावर. तीन कॉलमचं चित्र दोन कॉलममध्ये बसवा म्हणून रात्री फोन जातो, आणि चित्रातली अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून सकाळी वाचक चित्रकारालाच झापतात. पैसे चित्रामागे, तेही छापलं तर.

मुलिनच्या काळात बेसबॉलचा संघ हंगामात १५४ सामने खेळायचा. विदर्भ रणजीच्या अंतिम फेरीत पोचला तरी दहाच्या आसपास. बाकीचे दिवस तुमचा पगारी माणूस काय काढणार?

इतवारीचा बाल्या

राजेहो, नागपूरच्या माणसाले कायचं चित्र काढाव हे बी शिकवा लागते का आता? तान्ह्या पोळ्याले मारबतीच्या पुतळ्यासंग बडगे, म्हंजे बी पुतळेच, निघते. महागाई, खड्डे, भ्रष्टाचार, ज्याचा राग आला त्याचा बडग्या. कोनी पगार देते का त्याले?

२०१५ ची जामठ्याची टेस्ट आठवा. दक्षिण आफ्रिका ७९ वर गुंडाळली, तीन दिवसात मॅच खतम, अख्ख्या मॅचमंदी एकाचं बी अर्धशतक नाही. आयसीसीनं पिचले 'खराब' म्हनलं. त्या दिवशी मोबाइलवर जे मीम आले ना, पोट दुखेस्तोवर हसलो आमी. पोरं दहा मिनिटात बनवते, फुकट. अन् तुमी पगाराचं घेऊन बसले.

बर्डीकर

बाल्याभाऊ, बडग्याचा दाखला तुमच्यावरच उलटतो. बडगे दरवर्षी बदलतात, म्हणून मागच्या सालचा कोणता होता ते तुम्हालाही सांगता येणार नाही. मारबत मात्र तीच. पिवळी १८८५ पासून निघते, काळी त्याच्याही आधीपासून. इंग्रजांशी हातमिळवणी केलेल्या भोसले घराण्यातल्या बांकाबाईंवरचा राग त्या काळ्या पुतळ्यात उतरला असं जुनी माणसं सांगतात, आणि तो आजही रस्त्यावरून जातो. मीम हा बडग्या आहे. मला मारबत काढणारा हवा आहे.

जामठ्याच्या पिचवरचे तुमचे मीम मीही पाहिले. बहुतेक आफ्रिकेच्या फलंदाजांवर होते. अहो, त्या बिचाऱ्यांनी काय केलं होतं? पिच तशी कोणाला हवी होती, हा खरा विषय. मी चित्रकार असतो तर क्युरेटरच्या हातात तिफण दिली असती आणि बांधावर कोण उभं आहे तेही दाखवलं असतं.

रात्रपाळी, सामना नसलेल्या दिवसांबद्दल. १९०७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या 'क्रॉनिकल'मध्ये बड फिशरने क्रीडापानावर मट नावाचा एक रेसबाज आणला. तो रोज घोड्यांवर पैसे लावायचा. लोक त्याची टीप वाचायला म्हणून पान उघडायला लागले. आपल्याकडे तर सेलिब्रेशन आधी आणि स्कोअर नंतर विचारणारा काका प्रत्येक पानठेल्यावर उभा आहे.

चौसष्ट घरं

सगळे पुरुष खेळाडूंचंच बोलताय, म्हणून विचारते. आपल्याच नागपूरच्या बुद्धिबळपटू दिव्या देशमुखचं चित्र तुमचा हा माणूस कसं काढेल? २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर तिने जाहीरपणे लिहिलं होतं की, प्रेक्षक तिच्या खेळापेक्षा कपडे, केस, उच्चार यांवरच बोलतात. व्यंगचित्राचं तर भांडवलच चेहरा आणि शरीर. २०१८ मध्ये मेलबर्नच्याच एका पेपरात सेरेना विल्यम्सचं चित्र आलं आणि वर्णद्वेषी म्हणून जगभर आरडाओरड झाली. तिथल्या प्रेस कौन्सिलने नियमभंग झाला नाही असं ठरवलं खरं, पण ज्यांना ते लागायचं त्यांना लागलंच. पगार दिला म्हणून नजर येते का?

लेगब्रेक

ताई, नजर खेळातून येते. आर्थर मेली हा ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर पेपरात व्यंगचित्रंही काढायचा. १९२१ मध्ये ग्लॉस्टरशायरविरुद्ध त्याने ६६ धावांत दहाच्या दहा घेतल्या. पाच वर्षांनी व्हिक्टोरियाने ११०७ धावा कुटल्या तेव्हा याच्या नावावर ३६२ धावा देऊन ४ बळी! इतका मार खाल्लेला माणूस दुसऱ्याची टर उडवताना कुठे थांबायचं ते जाणतो. दिव्याचं चित्र काढायचं तर २०२५ च्या बातुमीतल्या महिला विश्वचषकाची अंतिम फेरी घ्या. रॅपिडच्या, म्हणजे कमी वेळाच्या, दुसऱ्या डावात समोरच्या कोनेरू हंपीचा वेळ संपत आला होता. मी ते घड्याळ पटापेक्षा मोठं काढीन. दिव्याचे केस कसे आहेत याने त्या चित्रात काय फरक पडतो?

चौसष्ट घरं

हे चित्र मी कापून ठेवीन. पण असं काढणारा सापडेपर्यंत दहा जण केसच काढतील, आणि संपादक तेच छापतील.

रात्रपाळी

बर्डीकरांच्या तिफणीचं बोलू. ज्यांच्याकडून सामन्याचे पास येतात त्यांच्यावरचं चित्र रात्री अकराला कोणता उपसंपादक स्वतःच्या जबाबदारीवर सोडेल? चित्रकार पगारी असेल तर उलट त्याला गप्प बसवणं सोपं. बाहेरचा माणूस निदान दुसऱ्या पेपराकडे जाऊ शकतो. माझं ऐकाल तर रोजचा हट्ट सोडा. सोमवार मागा. रविवारच्या स्थानिक सामन्यांचा मजकूर असतो, आणि चित्राला शनिवार-रविवार असे दोन दिवस मिळतात.

बर्डीकर

सोमवार चालेल. पण मानधन महिन्याचं ठरलेलं हवं, छापलं तर देऊ हे नको. आणि जागा आधी राखलेली, जाहिरात आली तरी.

इतवारीचा बाल्या

जागा राखा, पैसे द्या, समदं करा. पहिल्याच सोमवारी ते तिफणवालं चित्र छापून दाखवा, मंग मी पेपर लावतो घरी.