दीडेकशे मुलांच्या ओएमआर शीट दर रविवारी तपासायच्या असतात, काय घ्यावं? (इंदूर)

भौतिकवाली:
नमस्कार मंडळी. अन्नपूर्णा रोडकडे माझा नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा छोटा क्लास आहे, पुन्हा परीक्षा देणारे रिपीटर धरून दीडेकशे मुलं. भंवरकुआच्या मोठ्या कोचिंगांसारखी आमच्याकडे मशीनही नाही आणि स्टाफही नाही. दर रविवारी पूर्ण पेपर घेते: १८० प्रश्न, बरोबरला ४, चुकला की एक वजा. शीट ओएमआरचीच, म्हणजे उत्तराचा गोल काळा करायची, पण तपासणी हाताने. एका कोऱ्या शीटवर बरोबर उत्तरांच्या जागी भोकं पाडायची, ती मुलाच्या शीटवर ठेवायची, काळं दिसेल ते मोजायचं. मग चुकलेली वेगळी मोजायची. घरातले दोघं-तिघं बसलो तरी रात्र सरते आणि निकाल मंगळवारवर जातो. तोवर मुलांचा पेपरातला रस संपलेला असतो.

बजेट चाळीस हजारांपर्यंत. क्लासमध्ये इंटरनेट बेभरवशाचं आहे. कोणत्या धड्यात वर्ग कच्चा आहे तेही कळलं तर फार बरं. जाहिराती बघून डोकं फिरलंय, वापरलेल्या लोकांनीच सांगा.

विजयनगरी_कोडर:
ताई, तीन रस्ते आहेत. खास ओएमआर मशीन हा एक. शीटच्या कडेला काळ्या आडव्या रेघांची रांग असते ना, त्यावरून मशीनला कळतं की आपण कितव्या ओळीवर आहोत, आणि सेन्सर त्या ओळीतला प्रत्येक गोल वाचतात. हजारो शीट असतील तर ते शोभतं. किंमत लाखांत, शीटही ठरावीकच लागते. तुमच्यासाठी नाही.

दुसरा, साधा स्कॅनर आणि सॉफ्टवेअर. तिसरा, फोनचा कॅमेरा. या दोन्हींत काम एकच असतं: चित्रातल्या चार कोपऱ्यांच्या खुणा शोधायच्या, तिरकं पान सरळ करायचं आणि प्रत्येक गोल किती काळा आहे ते मोजायचं. १८० प्रश्नांचे चार-चार म्हणजे ७२० गोल. पेपरही ७२० मार्कांचाच, योगायोग बघा.

माझं मत दुसऱ्याला. स्कॅनर एडीएफवाला घ्या, म्हणजे गठ्ठा ठेवला की पानं आपोआप ओढणारा. मिनिटाला २५ पानांच्या वेगाने तुमचा सगळा वर्ग सहा-सात मिनिटांत संपतो. २०० डीपीआय (इंचाला २०० ठिपके), ग्रेस्केल (करड्या छटांत) पुरे. ६०० वर टाकून फाइली फुगवू नका. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फॉर्मस्कॅनर आहे, तो जावा या प्रोग्रामिंग भाषेवर चालतो. ओएमआरचेकर आहे, तो पायथन या भाषेवर चालतो, आपली शीट कशीही असली तरी गोलांच्या जागा एका फाइलमध्ये लिहून द्यायच्या. दोन्हींना इंटरनेट लागत नाही. पण ओएमआरचेकर लावून द्यायला जरा जाणता पोरगा लागेल, ते आधीच सांगतो.

बडोदेकर:
चाळीस हजार कशाला घालवायचे? आमच्याकडे मांजलपूरला एका बॅचला तीसेक मुलं असतात, फोनवर होतं सगळं. शीटवर फोन धरला की मार्क समोर. झिपग्रेड ॲप बरीच वर्षं आहे, इव्हालबी ॲप आपल्याकडचंच. झिपग्रेडच्या तयार शीट २०, ५० आणि १०० प्रश्नांच्या आहेत, तुमच्या १८० ला पुरायच्या नाहीत. इव्हालबीत आपली शीट बनवता येते.

विजयनगरी_कोडर:
तीस मुलांना फोन उत्तम, वादच नाही. दीडशे शीट एकेक करून कॅमेऱ्याखाली धरायच्या, वर ट्यूबलाइट, हाताची सावली पानावर, हे दर रविवारी कोण करणार भिया? सावली पडलेल्या कोपऱ्यात कोरा गोलही भरल्यासारखा दिसतो. चांगली ॲप शेजारच्या गोलांशी तुलना करून हे सावरतात, तरी माणूस कंटाळतोच.

खजुरी_बाजार_प्रेस:
सॉफ्टवेअरवर तुमचं चालू द्या. मी छपाईवाला, आमच्याकडे क्लासवाले शीट छापायला येतात. निम्मं भांडण इथेच सुरू होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

बाजारातल्या तयार ओएमआर शीटवर गोल गुलाबी किंवा लाल असतात. ते शोभेसाठी नाहीत. खास मशीनला तो रंग दिसतच नाही, फक्त मुलाने भरलेलं काळं दिसतं. हीच गुलाबी शीट कुणी झेरॉक्सवर काढली की गोल काळेकरडे होतात आणि सगळा फायदा गेला. साधा स्कॅनर वापरणार असाल तर काळ्याच शाईत, पण बारीक रेघेचा गोल आणि आत लहान अक्षर ठेवा. जाड गोलात ठसठशीत अक्षर असलं की मुलाने हात लावायच्या आधीच तो पाव भाग भरलेला असतो.

कोपऱ्यांच्या खुणा भरीव काळ्या चौकोनी ठेवा, कागदाच्या कडेपासून सेंटीमीटरभर आत. रिझोवर (प्रती काढायच्या छपाई मशीनवर) प्रत थोडी सरकते. ते चालतं, कारण खुणाही सोबतच सरकतात. खूण कापली गेली की मात्र ती शीट वाचली जात नाही. झेरॉक्सची झेरॉक्स नको, दर वेळी मूळ फाइलवरून काढा. कागद ७५-८० जीएसएम. त्याहून पातळ घेतलात तर स्कॅनर दोन-दोन पानं एकदम ओढतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ओल धरलेला कागद तर हमखास चिकटतो. गठ्ठा हातात फुलवून मग ट्रेमध्ये ठेवा.

आणि रंगपंचमीनंतरच्या रविवारी शीट बघा एकदा. गेरमधून (रंगपंचमीच्या मिरवणुकीतून) परतलेल्यांच्या बोटांचा रंग दोन-दोन दिवस जात नाही, पानभर ठसे असतात.

निवृत्त_गणित:
वरच्या सगळ्यांना एक पुरवणी. १९३८ साली आयबीएमने ८०५ नावाचं तपासणी यंत्र काढलं, ते बघत नसे, वीज मोजत असे. पेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून वीज वाहते, त्या प्रवाहावरून मार्क. परीक्षेला पेन्सिलच हवी हा हट्ट तिथला. प्रकाशाने वाचणारी यंत्रं नंतर आली. आता नीटला काळा बॉलपेन असतो, खोडायची सोयच नाही. ताई, सरावालाही पेनच द्या. पुसट खोडलेला गोल सॉफ्टवेअरलाही कोड्यात टाकतो आणि मुलालाही वाईट सवय लागते.

तुमच्या भोकाच्या शीटची एक जुनी गोम आहे. मुलाने दोन गोल भरले आणि त्यातला एक बरोबर असला, तर भोकातून तो काळाच दिसतो आणि चार मार्क पडतात. नीटमध्ये दोन भरले म्हणजे चूक, एक वजा. यंत्रावर आलात की काही हुशार मुलांचे मार्क पहिल्याच रविवारी उतरतील. पालकांना आधी सांगून ठेवा.

भौतिकवाली:
काका, हे डोक्यातच आलं नव्हतं! मग सॉफ्टवेअर दोन भरलेल्यांचं काय करतं?

विजयनगरी_कोडर:
तुम्ही सांगाल ते. म्हणूनच घ्यायच्या आधी तपासा. काही ठिकाणी दोन भरलेला प्रश्न सरळ कोरा धरतात, शून्य देतात; तुम्हाला वजा एक हवा. आणखी दोन गोष्टी विचारा: एका प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर ठेवता येतात का, आणि प्रश्नच रद्द झाला तर सगळ्यांना चार देता येतात का. दोन्हींची वेळ नीटमध्येही येते. तुमच्या उत्तरसूचीत चूक निघाली तर सूची बदलून दीडशेही शीट पुन्हा तपासायला क्षणभर लागतो, कागद परत हातात घ्यावे लागत नाहीत. मला विचाराल तर खरी सोय ही आहे.

आणि सर्वांत जास्त डोकेदुखी उत्तरांची नसते, रोल नंबरची असते. पोरं वर आकडे बरोबर लिहितात आणि खाली गोल भलताच भरतात. निकालात एकाच नंबरचे दोन, आणि एक गायब. यावर उपाय म्हणजे शीट छापतानाच प्रत्येकीवर मुलाचा क्यूआर कोड टाकणे. तेवढं नको असेल तर तीनच अंकी रोल नंबर ठेवा. पेपरचे दोन सेट करत असाल तर सेटचा गोलही तसाच दगा देतो.

निवृत्त_गणित:
धड्याचं विचारलंत. प्रत्येक प्रश्नापुढे धड्याचं नाव एक्सेलमध्ये लिहून ठेवलंत तर धड्यानुसार टक्केवारी सहज निघते. पण त्यावर थांबू नका. वर्गातले वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के वेगळे काढा, तुमच्याकडे ती साधारण ४०-४० मुलं होतात. प्रत्येक प्रश्न वरच्यांतल्या किती जणांना आला आणि खालच्यांतल्या किती जणांना, ते बघा. खालच्यांना जास्त आला असेल तर आधी उत्तरसूची तपासा, मग प्रश्नाची भाषा. हिंदी माध्यमाची मुलं असतील तर भाषांतर नक्की तपासा. हाताने तपासताना हे कधीच जमत नसे. मी आयुष्यभर प्रश्न अवघड की वाईट हे अंदाजानेच ठरवलं.

सुदामानगरची_आई:
पालक म्हणून एकच. शीटवर नाव, फोन, शाळा काही नको, रोल नंबर पुरे. ॲप परक्या सर्व्हरवर काय पाठवतं ते वाचून घ्या. आणि पूर्ण निकालाची यादी कृपया व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, ज्याचा त्याला पाठवा.

भौतिकवाली:
मंडळी, खूप आभार. ठरलं: एडीएफ स्कॅनर, काळी बारीक शीट, क्यूआर कोड. एका माजी विद्यार्थ्याला पायथन येतं, त्याला ओएमआरचेकर लावायला बसवते. पहिले दोन रविवार हातानेही तपासून ताडून बघणार. जी शीट वाचली जाणार नाही तिचं काय करता तुम्ही?

विजयनगरी_कोडर:
दोन भरलेले, अर्धवट भरलेले, नंबर न जुळलेले, सगळे वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायला सांगा आणि ते तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघा. काळेपणाची मर्यादा इतकी सैल ठेवू नका की फोल्डर रिकामंच राहील. पहिल्या रविवारी फोल्डर रिकामं आलं तर मला संशय येईल.

खजुरी_बाजार_प्रेस:
स्कॅनर घेताना आत कागद ओढणारा रबरी रोलर सुटा मिळतो का तेवढं विचारा. तो झिजतोच. जेल रोडला बरीच दुकानं आहेत, पण मॉडेल जुनं झालं की रोलरसाठी फिरावं लागतं. फाइल तयार झाली की घेऊन या, आधी दहाच शीट छापून स्कॅन करून बघू.