मदत हवी आहे: १४ फुटी बोट मिनेसोटाच्या हिवाळ्यात कशी ठेवायची?

तळ्यातमळ्यात:
नमस्कार मंडळी, इथे बागकाम, गाड्या, डेक सगळ्यावर धागे आहेत पण बोटीवर एकही सापडला नाही म्हणून नवीन काढतेय. आम्ही मिनिआपोलिसच्या पश्चिमेला राहतो. या उन्हाळ्यात सेकंडहँड बोट घेतली, १४ फुटी अॅल्युमिनियमची, साधी बाकांची, मागे २० हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन; कार्ब्युरेटरवालं, जुनं मॉडेल), ट्रेलरसकट. मासे वॉलाय कमी आणि सनफिशच जास्त मिळाले पण ते असो. आता ऑक्टोबर लागला, रात्री पारा शून्याकडे जायला लागलाय आणि बोट अजून ड्राइव्हवेतच उभी आहे.

घोळ असा की घरात दोन पार्ट्या पडल्यात. सासरे आलेत भारतातून, ते मूळचे हर्णैचे, घरची होडी होती. त्यांचं म्हणणं यात विचारण्यासारखं आहे काय, आपण पावसाळ्यात होडी वर ओढून शाकारतो तसंच करायचं, खाली ओंडके, वर मांडव, मशीन काढून घरात आणि पेट्रोलचा थेंब ठेवायचा नाही. शेजारचे आजोबा इथेच जन्मलेले वाढलेले, ते म्हणतात श्रिंक रॅप (गरम करून घट्ट बसवलेलं प्लॅस्टिक) करून घे, इंजिनात गुलाबी अँटीफ्रीझ (न गोठणारं द्रव) ओत आणि टाकी गच्च भरून ठेव. म्हणजे एक म्हणतो रिकामी, दुसरा म्हणतो भरलेली, आणि दोघं कुंपणावरून एकमेकांना हातवारे करून पटवतायत, मी मधे दुभाषी.

त्यात एचओएचा (वसाहतीच्या सोसायटीचा) नियम की ट्रेलर बाहेर दिसता कामा नये, एक प्रेमपत्र येऊन गेलंय. गराज २० फूट खोल आहे, बोट ट्रेलरच्या दांड्यासकट तिरकी घातली तर बसेल पण मग एक गाडी जानेवारीत बाहेर, आणि त्याला नवरा तयार नाही. कोणी केलंय का हे? मोटरचं नक्की काय करायचं आणि वरून काय झाकायचं एवढं सांगा. बॅटरीचंही सांगा.

उगाचच:
विका आणि स्नोमोबिल घ्या.
(वाचतोय, चालू द्या.)

बर्फाळ_बापू:
डुलुथजवळ राहतो, बोट बरीच वर्षं आहे. मोटरपासून सुरू करतो कारण खर्च तिथेच होतो.

अँटीफ्रीझ आउटबोर्डला लागत नाही. ते इनबोर्ड आणि स्टर्नड्राइव्हवाल्यांसाठी (ज्यांचं इंजिन बोटीच्या आत असतं), त्यांच्या ब्लॉकमध्ये पाणी साचून राहतं, गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि ब्लॉक तडकतो. तुमच्या आजोबांकडे कधीकाळी तसलीच बोट असणार. आउटबोर्ड पंखा (प्रोपेलर) खाली असं सरळ उभं ठेवलं की पाणी आपोआप निथळतं. फक्त ते वर उचललेलं किंवा आडवं टाकू नका, पंख्याच्या मधल्या भोकातून पावसाचं नाहीतर वितळलेल्या बर्फाचं पाणी आत जातं आणि तिथेच गोठून खालचं गिअरकेस फुटू शकतं. मशीन काढून गराजमध्ये लाकडी स्टँडवर उभं टांगा, म्हणजे सासरे इथे बरोबर.

पेट्रोल. साध्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, फार झालं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल सुकून चिकट थर धरतो आणि मे महिन्यात दोरी ओढून ओढून खांदा जातो. आपल्याकडे मिनेसोटात काही पंपांवर नॉन-ऑक्सी ९१ (बिनइथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, बोटींना ते चालतं, थोडं महाग आहे पण शेवटची टाकी तीच भरा. त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं औषध) घाला, पाण्याच्या नळीला मफ (मोटरच्या पाणी ओढायच्या भोकांवर बसणारे रबरी कप) लावून मोटर दहा-पंधरा मिनिटं चालवा म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल. कोरडी एक मिनिटही चालवू नका, पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर जातो. मग चालू असतानाच इंधनाची नळी काढा, आपोआप बंद पडेल, आणि कार्ब्युरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल करून उरलंसुरलं काढून घ्या. तुमची सुटी लाल टाकी असेल ना? त्यातलं पेट्रोल सरळ गाडीत ओता, फोर स्ट्रोकमध्ये ऑइल मिसळलेलं नसतं त्यामुळे चालतं. भरलेली की रिकामी हा वाद मोठ्या, बोटीतच बसवलेल्या टाक्यांचा आहे, त्या पूर्ण रिकाम्या करता येत नाहीत म्हणून लोक भरून ठेवतात.

यानंतर स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल (आतून गंज धरू नये म्हणून फवारायचं तेल) मारा, लाल सेफ्टी दोरी काढलेली ठेवून हाताने दोन-चारदा फिरवा, प्लग परत लावा. आणि गिअर ऑइल बदला. बरेच लोक हे वसंतात करतात, पण ते आत्ताच करायचं काम आहे, का ते ऑइल काढल्यावर कळेल.

तळ्यातमळ्यात:
बापू __/\__ दोन्ही पार्ट्यांना वाचून दाखवलं. सासरे खूश, आजोबा म्हणाले हो माझी स्टर्नड्राइव्ह होती!! गिअर ऑइल कसं काढतात?

बर्फाळ_बापू:
खालच्या भागाला, पंख्याच्या पुढे, दोन स्क्रू दिसतील, एक तळाशी आणि एक वर. खाली टब ठेवा, आधी तळाचा काढा मग वरचा, वरचा निघाला की हवा आत जाऊन ऑइल भसकन येतं. भरताना उलट, पंपाने तळाच्या भोकातून भरत राहायचं, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय ऑइल यायला लागलं की आधी वरचा स्क्रू घट्ट करायचा, मग पंप काढून पटकन तळाचा. वॉशर नवीन घाला, फार तर दोन-चार डॉलरचं काम आहे. पंखा काढून मागे बघा, मासेमारीची दोरी शाफ्टला गुंडाळलेली असते आणि ती सील कापते.

खाडीकाठ:
अलिबागकडून लिहितोय, बर्फाचं मला काही कळत नाही पण झाकण्याबद्दल बोलू शकतो. तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, बऱ्याच होड्या त्याआधीच वर येतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत तशाच. शाकारताना बांबूचा कणा उंच धरतात आणि दोन्ही बाजूंना उतार, नारळाची झापं असोत नाहीतर हल्लीची ताडपत्री, पाणी कुठे थांबता कामा नये. झापांतून हवा खेळते, ताडपत्रीतून अजिबात नाही, म्हणून ताडपत्रीवाले शहाणे असतील तर पुढचं आणि मागचं तोंड उघडं ठेवतात, नाहीतर आत घाम धरतो. होडीची नाळ (पुढचं टोक) उंच, मागचं टोक खाली, बूच काढलेलं. आत चुकून पाणी गेलं तरी वाट मिळाली पाहिजे. ताडपत्री होडीला चिकटून बांधू नका, वाऱ्यात फडफडून रंग खाते, मधे गोणपाट द्या.

बर्फाळ_बापू:
खाडीकाठ, अगदी. इथेही हाच सल्ला, फक्त उतार अजून उभा हवा, बर्फ घसरून पडला पाहिजे. निळी ताडपत्री सैल टाकली की दोन बाकांच्या मधे खळगा होतो, बर्फ साचतो, वितळतो, परत गोठतो आणि मार्चपर्यंत ती फाटलेली असते. मधोमध उभे दोन बाय चार (लाकडी खांब) लावून त्यावर आडवी पट्टी. बूच तर मिनेसोटात रस्त्यावरून बोट नेतानाही काढलेलंच लागतं, कायदा आहे, झेब्रा मसल्ससारखे (बारीक शिंपले) उपद्रवी जीव एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. श्रिंक रॅप १४ फुटी अॅल्युमिनियम बोटीला माझ्या मते उधळपट्टी, दरवर्षी पैसे आणि शेवटी सगळं प्लॅस्टिक कचऱ्यात.

खरं तर मोटर उतरवल्यावर चार माणसं मिळाली तर बोट लाकडी घोड्यांवर पालथी घाला. वरून काहीच नको.

मिरगांवकर_नाही:
पालथी घालण्याआधी बाकांखालचा फोम दाबून बघा. जुन्या बोटींत तो पाणी पिऊन बसलेला असतो, बोट उगाच जड लागते. आणि उंदीर!! लाइफ जॅकेट, गाद्या, दोऱ्या सगळं घरात. आमच्या बोटीत खाऊचा चुरा राहिला होता, उंदरांनी जॅकेट कुरतडून त्याच तुकड्यांचं घरटं केलं. डांबर गोळ्या टाकू नका, उन्हाळाभर वास जात नाही.

जागेचं: काउंटीच्या फेअरग्राउंडला चौकशी करा. जत्रा संपली की त्यांच्या शेड रिकाम्या असतात, हिवाळाभर बोटी, आरव्ही (राहायच्या मोठ्या गाड्या) ठेवायला देतात, बऱ्याच ठिकाणी फुटावर भाडं. शेड थंडच असते पण कोरडी, आणि एचओएची कटकट नाही. एकदा ठेवली की साधारण वसंतातच काढता येते, मधे हवी म्हटलं तर मिळत नाही, ते विचारून घ्या.

उगाचच:
बॅटरी काँक्रीटवर ठेवू नका, उतरते.

बर्फाळ_बापू:
जुन्या काळच्या लाकडी-रबरी खोक्यांच्या बॅटरीची गोष्ट आहे ती, आताच्या प्लॅस्टिकच्या बॅटरीला जमिनीने काही होत नाही. बॅटरी काढा, फुल चार्ज करा, गराजमध्ये ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी चार्जर लावा. फुल चार्ज असलेली आपल्या थंडीत गोठत नाही, उतरलेली गोठते आणि फुगते. ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग पाण्यात बुडतात, त्यात ग्रीस भरून मगच उभा करा.

तळ्यातमळ्यात:
अपडेट. फेअरग्राउंडला जागा मिळाली, पुढच्या वीकेंडला न्यायची. मोटर गराजमध्ये, सासऱ्यांनी स्वतः दोन बाय चारचा स्टँड ठोकला. पेट्रोल, फॉगिंग झालं. पण काल गिअर ऑइल काढलं तर ते काळपट-सोनेरी काही नाही, सरळ दूध जास्त झालेल्या चहासारखं. तळाच्या स्क्रूच्या चुंबकाला बारीक राखाडी लेप आहे, तुकडे नाहीत. आणि हो, पंख्यामागे दोरी निघाली, शाफ्टला घट्ट बसलेली, पक्कडने ओढून काढावी लागली. आता?

बर्फाळ_बापू:
म्हणूनच आत्ता काढायला सांगितलं. सील कापलंय, पाणी आत जातंय. लेप चालतो, तुकडे असते तर काळजी. तसंच ठेवलं असतं तर तळाशी बसलेलं पाणी डिसेंबरात गोठलं असतं आणि सीलच्या जागी अख्खं गिअरकेस घ्यावं लागलं असतं. जुनं पूर्ण निथळू द्या, रात्रभर उघडं ठेवा, मग नवीन ऑइल आणि नवे वॉशर. पाण्यात घालायच्या आधी मात्र सील बदलून प्रेशर टेस्ट (हवा भरून गळती तपासणं) करायलाच हवी.

तळ्यातमळ्यात:
म्हणजे एप्रिलमध्ये मेकॅनिककडे?

बर्फाळ_बापू:
एप्रिलमध्ये सगळं मिनेसोटा त्याच्या दारात असतं, नंबर लागेपर्यंत वॉलायचा सीझन सुरू होऊन जाईल. मोटर सुटीच आहे, नोव्हेंबरात नेऊन टाका, तेव्हा रिकामे बसलेले असतात. आणि ती दोरी कुठली निघाली बघा, ब्रेडेड (विणलेली) असेल तर पुढच्या वर्षी दर दोन-तीन फेऱ्यांनी पंखा काढून बघत जा.