'विपर्यास झाला' म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न

'माझ्या विधानाचा विपर्यास करण्यात आला' हे पुढाऱ्यांचं ठरलेलं वाक्य. त्यातल्या 'विपर्यास'चा अर्थ काय घ्यायचा? बातमीदाराने शब्द बदलले, की शब्द तेच ठेवून अर्थ फिरवला? 'ध चा मा' आणि 'विपर्यास' एकच का? आमच्यात यावरून वाद झाला आणि दोन्ही बाजू अजून हटायला तयार नाहीत.

प्रतिसाद

एकच नव्हेत.

'ध चा मा' म्हणजे अक्षरच बदलणं. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'नारायणरावास धरावे' या हुकमात 'ध'चा 'मा' झाला, अशी आख्यायिका आनंदीबाईंच्या नावावर चालत आली. ती खरी-खोटी कशीही असो, वाक्प्रचाराचा अर्थ पक्का आहे : बोलणाऱ्याने न वापरलेला शब्द त्याच्या तोंडी घालणं.

'विपर्यास'ची फोड वि + परि + अस्. हा अस् धातू 'फेकणे, टाकणे' या अर्थाचा; न्यास, विन्यास, अभ्यास ही त्याचीच भावंडं. विन्यास म्हणजे नीट मांडणी, विपर्यास म्हणजे उलटीपालटी मांडणी. म्हणजे विपर्यास करायला एकही अक्षर बदलावं लागत नाही. जागा बदलली, मागचंपुढचं तोडलं, की झाला. म्हणून 'आम्ही त्यांचेच शब्द छापले' हे विपर्यासाच्या आरोपाला उत्तर होऊच शकत नाही. ते 'ध चा मा'च्या आरोपाला उत्तर आहे.

आपल्या वाक्यरचनेमुळे हे तोडणं फार सोपं जातं. समजा कुणी म्हणालं, 'चौकशीत दोष सिद्ध झाला तर मी राजीनामा देईन.' मराठीत अट आधी येते, क्रियापद शेवटी. मथळा करणारा शेपूट उचलतो : 'मी राजीनामा देईन'. सगळे शब्द त्या माणसाचेच, फक्त 'तर'च्या अलीकडचं सगळं गेलं. मला हा प्रकार 'ध चा मा'पेक्षा जास्त घातक वाटतो, कारण ध्वनिफीत ऐकवली तरी वार्ताहर खोटा पडत नाही.

प्रतिसाद

मी सहा वर्षं एका दैनिकात उपसंपादक होते. अवतरणचिन्हांबद्दल लिहिल्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही.

शाळेत शिकवलेला नियम असा : बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे द्यायचे तर दुहेरी अवतरणचिन्ह, एखाद्या शब्दावर जोर द्यायचा किंवा दुसऱ्याचं मत आपल्या शब्दांत सांगायचं तर एकेरी. मथळ्यांत मात्र जागा वाचवायला सर्रास एकेरीच वापरतात. त्यामुळे 'करवाढ अटळ' हे नेत्याचे शब्द, की आमचा सारांश, की आम्ही घेतलेली शंका, हे वाचकाला कळायला मार्गच उरत नाही.

एकदा बातमीत वाक्य होतं, 'माझ्या मते थोडी वाढ अटळ आहे, पण निर्णय सभागृह घेईल.' मथळा दोन कॉलमी, अक्षरं मोजून. मी 'वाढ अटळ' असं एकेरी चिन्हात बसवलं. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचा फोन आला. आवाज चढला नव्हता. त्यांनी आपलं वाक्य सावकाश वाचून दाखवलं आणि विचारलं, 'यातलं "माझ्या मते" कुठे गेलं?' त्यानंतर मथळ्यातून 'थोडी', 'बहुधा', 'माझ्या मते' काढताना माझा हात थांबायचा.

दुसरी अडचण व्याकरणातली आहे. 'मंत्री म्हणाले, की मी निवडणूक लढवणार नाही' या वाक्यातला 'मी' कोण? मंत्रीच. इंग्रजीत असं सांगताना सर्वनाम बदलतं, काळ बदलतो. मराठीत ते तसंच राहतं. त्यामुळे बातमीदाराने घाईच्या टिपणावरून स्वतःच्या शब्दांत सांगितलं तरी वाक्य उद्गारासारखंच दिसतं. टेबलावरचा माणूस, म्हणजे उपसंपादक, 'मी' पाहतो आणि दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं घालतो. कुणाच्याही मनात पाप नसताना खोटं अवतरण तयार होतं. असं होताना मी अनेकदा पाहिलंय.

यावर मराठीतच एक सुंदर सोय आहे : 'म्हणे'. 'मंत्री राजीनामा देणार म्हणे' यात ऐकीव माहिती आहे हे एका शब्दात कळतं. छापील बातमीला तो फार घरगुती वाटतो, म्हणून त्याच्या जागी 'असे समजते', 'सूत्रांनी सांगितले' आलं. पण 'म्हणे' आपला अडाणीपणा उघड कबूल करतो. 'सूत्रांनी सांगितले' म्हटलं की माहितीला वजन येतं, मग ते तिला झेपो न झेपो.

प्रश्न (पुढे)

मग ब्लॉग लिहिणाऱ्याने हे सगळं पाळायचं का? तो काही पत्रकार नाही.

प्रतिसाद

ब्लॉगला आपल्याकडे 'अनुदिनी', 'जालनिशी' असे शब्द सुचवले गेले. दोन्हींत रोजनिशीची छाया आहे : माझी वही, माझं मत. मतापुरतं ते ठीक आहे. पण दुसऱ्याचं वाक्य अवतरणात घातलं, की ती वही फक्त आपली राहत नाही.

कायद्याने तरी पत्रकाराला वेगळा अधिकार कुठे आहे? वृत्तपत्रस्वातंत्र्य येतं ते राज्यघटनेच्या कलम 19(1)(क)मधल्या, सर्व नागरिकांना असलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यातूनच. फरक आहे तो मागे उभ्या असलेल्या यंत्रणेचा. वृत्तपत्राला उपसंपादक असतो, संपादक असतो, 1978च्या कायद्याखालची प्रेस कौन्सिल असते. आरोपाच्या मथळ्यात आरोप करणाऱ्याचा उल्लेख हवा, निदान अवतरणचिन्हं तरी हवीत, असं कौन्सिलचे निकष सांगतात. तिला दंड करता येत नाही. ती समज देते, ठपका ठेवते. ब्लॉगरच्या मागे यातलं काही नसतं. पण संपूर्ण भाषणाचा दुवा देणं त्याला सहज जमतं. जो ब्लॉगर दुवा देतो तो मला त्या बाबतीत वर्तमानपत्राहून जास्त प्रामाणिक वाटतो, आणि दुवा न देता अवतरण देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, मग तो कोणीही असो.

प्रतिसाद

विपर्यासानंतर जे येतं त्या 'खुलासा' शब्दाचाही विचार व्हावा. मूळ अरबी अर्थ सार, निष्कर्ष. मराठीत तो 'स्पष्टीकरण' म्हणून रुळला : पुढारी खुलासा करतात, संपादक खुलासा छापतात. हिंदीत त्याचा अर्थ झाला 'गौप्यस्फोट', आणि हिंदी वाहिन्यांचं पाहून आता मराठी पट्ट्यांवरही 'मोठा खुलासा' याच अर्थाने झळकतो. परिणाम बघा : 'मी असं म्हणालोच नव्हतो' एवढंच सांगायला माणूस समोर येतो, आणि त्याच्या चेहऱ्याखाली पट्टी चालते 'मोठा खुलासा'. आवाज बंद ठेवून पाहणाऱ्याला वाटतं, याने काहीतरी उघड केलं.

छापील बातमीत त्याच ठिकाणी 'सारवासारव' येतं. सारवणं म्हणजे जमिनीवर शेणाचा हात फिरवणं, खालचे खड्डे दिसेनासे करणं. तो शब्द लिहिला, की खड्डा होता असं आपण आधीच ठरवलेलं असतं. तेव्हा तुमच्या मूळ प्रश्नातलं वाक्य बोलणाऱ्या पुढाऱ्याबद्दल लिहायचं झालं, तर मी साधं 'म्हणाले' लिहीन, आणि त्याच्या शेजारी त्यांचं आधीचं वाक्य, 'तर'सकट.