शब्दचर्चा: लॅपटॉपच्या तपशिलातली ‘मेमरी’, ‘पर्यंत’ आणि ‘टाइप-सी’

मूळ विचारणा

लॅपटॉप घ्यायचाय. दोन मॉडेलांचे तपशील शेजारी शेजारी ठेवून वाचतेय, पण अर्थ काही लागत नाहीये. एकात ‘मेमरी १६ जीबी’ आणि दुसऱ्यात ‘मेमरी ५१२ जीबी’. मग दुसऱ्यात ती बत्तीस पट आहे का? ‘४.६ गीगाहर्ट्झपर्यंत’ यातलं ‘पर्यंत’ म्हणजे नेमकं काय? आणि ‘टाइप-सी’ दोन्हींना आहे, तरी एकच त्यातून चार्ज होतो म्हणे. वापर साधा: लेखन, ब्राउझरच्या वीसेक टॅब, व्हिडिओ कॉल, अधूनमधून फोटोंवर काम. पाच वर्षं तरी काढायची आहेत. जाणकारांनी हे शब्द फोडून सांगावेत.

प्रतिसाद

‘मेमरी’पासून सुरू करू, कारण घोळ तिथेच जास्त आहे. जाहिरातीत हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लावतात. १६ जीबी ती रॅम: चालू काम तिच्यात राहतं आणि लॅपटॉप बंद केला की ती रिकामी होते. ५१२ जीबी ती साठवण, म्हणजे एसएसडी: फाइली तिथे कायम राहतात. म्हणून आकड्यांची तुलना करायची नाही. तपशिलात नुसतं ‘मेमरी’ दिसलं तर पुढे ‘डीडीआर’ (रॅमचा प्रकार) आहे की ‘एसएसडी’, तेवढं पाहा.

रॅमच्या बाबतीत आकड्याइतकाच पुढचा शब्द महत्त्वाचा. ‘ऑनबोर्ड’ किंवा ‘सोल्डर्ड’ म्हणजे चिपा मदरबोर्डावर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, डाक लावून (वितळलेल्या धातूने चिकटवून) बसवलेल्या, नंतर बदलता येत नाहीत. ‘एलपीडीडीआर५’ असेल तर जवळजवळ नेहमी हाच प्रकार. ‘सोडिम’ किंवा ‘स्लॉट’ असेल तर पट्टी काढून मोठी घालता येते. ‘८ जीबी ऑनबोर्ड, एक स्लॉट’ अशी मिश्र मांडणीही असते. त्यातली ८ कायमची, वाढवायची ती स्लॉटात. पाच वर्षं काढायची असतील तर डाकवाली ८ जीबी घेऊच नका. स्वतंत्र ग्राफिक्स नसलेल्या लॅपटॉपात चित्र दाखवायलाही याच रॅममधला वाटा जातो, म्हणजे हाती आठही पूर्ण उरत नाहीत.

उपप्रतिसाद

यात एक भर. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबी दिसते, आणि दर वेळी कुणीतरी ‘फसवलं’ म्हणून ओरडतं. फसवलेलं नसतं. बनवणारे जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ × १०२४ × १०२४ बाइटांना जीबी म्हणतं. या दुसऱ्या एककासाठी १९९८ साली ‘गिबिबाइट’ असं वेगळं नावही ठरलं, पण विंडोजने ते घेतलंच नाही.

प्रतिसाद

एसएसडीचं निघालंच आहे तर ‘एम.२’. हे फक्त पट्टीच्या आकाराचं आणि खाचेचं नाव आहे, वेगाचं नाही. त्याच आकारात साटा (जोडणीची जुनी पद्धत) एसएसडी येते, तिचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीवर अडतो. त्याच आकारात एनव्हीएमई (नवी, वेगवान पद्धत) येते, ती सेकंदाला ३,५०० एमबी आणि त्यापुढेही जाते. तेव्हा ‘एम.२’ वाचून समाधान मानू नका, पुढे ‘एनव्हीएमई’ किंवा ‘पीसीआयई’ शोधा. मात्र वाचनवेग ३,५०० आहे की ७,००० यावर डोकं शिणवू नका. लेखन आणि टॅबांच्या वापरात तो फरक जाणवायचा नाही.

प्रतिसाद

‘पर्यंत’विषयी. प्रोसेसरच्या तपशिलातला सगळ्यात लबाड शब्द हाच. गीगाहर्ट्झ हे प्रोसेसरच्या वेगाचं एकक, आणि ‘४.६ गीगाहर्ट्झपर्यंत’ हा टर्बोचा कळस: चिप थंड आहे, काम एखाद-दोन कोअरवर (प्रोसेसरच्या आतल्या काम करणाऱ्या भागांवर) आहे, तर थोडा वेळ मिळणारा वेग. चिप तापली की तो उतरतो, आणि किती उतरेल हे पंखा नि शरीराच्या जाडीवर ठरतं. त्यामुळे तोच प्रोसेसर असलेले दोन लॅपटॉप वेगवेगळे पळतात.

नावातली खरी माहिती शेवटच्या अक्षरात असते. इंटेलच्या प्रोसेसरांतलं ‘आय५’ ही फक्त शिडीवरची पायरी. आय५-१३३५यू आणि आय५-१३५००एच पाहा, दोन्ही ‘तेराव्या पिढीचे आय५’. पहिल्यात दोन मोठे आणि आठ छोटे कोअर, मूळ वीजमर्यादा १५ वॉट. दुसऱ्यात चार मोठे आणि आठ छोटे, मर्यादा ४५ वॉट. टर्बोचा आकडा मात्र ४.६ आणि ४.७! केवळ गीगाहर्ट्झ वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटणार.

‘पिढी’ या शब्दावरही विसंबू नका. एएमडीच्या रायझन ५ ७५२०यू या नावातला पहिला ७ हा २०२३च्या मालिकेचा. चिपची रचना कितव्या पिढीची, ते तिसरा अंक सांगतो. इथे तो २ आहे, म्हणजे झेन २, २०१९ साली आलेली रचना. ७५४०यू मध्ये तो ४, म्हणजे झेन ४. नव्या वेष्टनात जुनी चिप, पण नावात उघड लिहिलेली. वाचणारा हवा.

उपप्रतिसाद

अहो, त्यांना लेखन आणि व्हिडिओ कॉल करायचेत, उगाच घाबरवू नका. ‘यू’ अक्षराचा प्रोसेसर या कामाला भरपूर होतो, आणि बॅटरीही पुरवून खातो. ‘एच’ घेऊन पंख्याचा आवाज ऐकत बसायचं कशाला?

उपप्रतिसाद

मान्य. माझं म्हणणं एवढंच, की ‘यू’ घ्यायचा तर तो ‘यू’ आहे हे कळून घ्यावा.

प्रतिसाद

पडद्याबद्दल कुणी बोललं नाही, आणि पाच वर्षं बघायचं तर त्याच्याकडेच आहे. ‘१५.६ इंच’ हा कर्ण. ‘फुल एचडी’ म्हणजे १९२० × १०८० ठिपके. हे दोन्ही ठळक छापतात. बारीक अक्षरांत राहतं ते ‘२५० निट्स, ४५% एनटीएससी’. निट्स म्हणजे उजळपणा. २५० घरात चालून जातं, खिडकीशेजारी बसलात की डोळे बारीक करावे लागतात. ३०० ते ४०० असेल तर बरं. ‘अँटी-ग्लेअर’चा उजळपणाशी संबंध नाही, तो फक्त पृष्ठभाग खरबरीत आहे असं सांगतो.

एनटीएससी आणि एसआरजीबी या पडदा किती रंग दाखवू शकतो हे मोजायच्या पट्ट्या. ४५% एनटीएससी म्हणजे रंगांची झेप तोकडी: लाल टोमॅटो विटकरी दिसतो. तुम्ही फोटोंवर काम करणार म्हणताय, तर ‘१०० टक्के एसआरजीबी’ शोधा. ‘७२% एनटीएससी’ लिहिलं असेल तर व्यवहारात जवळपास तेच. ‘आयपीएस’ हा शब्द बाजूने पाहिलं तरी रंग फिरत नाहीत एवढीच हमी देतो. आयपीएस आहे म्हणून रंग चांगले, हा सर्रास होणारा गैरसमज आहे.

मूळ विचारणाकर्ती

हे फार उपयोगाचं. एकाला ४५% आहे, दुसऱ्याचा आकडाच दिलेला नाही. बॅटरीला एक ‘३ सेल’ म्हणतो, दुसरा ‘१२ तासांपर्यंत’. कशाला कशाशी ताडायचं?

प्रतिसाद

आकडा दिला नसेल तर तो बहुधा मिरवण्याजोगा नसतो.

बॅटरीसाठी दोन्ही शब्द बाजूला ठेवा आणि ‘वॉट-अवर’ शोधा. ‘३ सेल’ म्हणजे आत तीन घट आहेत, ते केवढे हे कळत नाही. ‘१२ तासांपर्यंत’ हा आकडा बहुतेकदा पडदा मंद करून, साठवलेला व्हिडिओ सलग चालवून काढलेला असतो. वॉट-अवरवरून मात्र हिशेब करता येतो: ४२ वॉट-अवरची बॅटरी, लेखन करताना सरासरी ७ वॉट खर्च धरला तर सहा तास. व्हिडिओ कॉलवर १४ वॉट धरला तर तीन.

प्रतिसाद

टाइप-सी राहिलं. हे फक्त खाचेच्या आकाराचं नाव. आत नुसती माहितीची ये-जा असेल, किंवा चार्जिंग आणि बाहेरच्या पडद्याला चित्र देणंही असेल. तपशिलात ‘पॉवर डिलिव्हरी’ असेल तर चार्जिंग, ‘डिस्प्लेपोर्ट’ असेल तर चित्र. ‘थंडरबोल्ट ४’ असेल तर दोन्ही आलं, वर ४० गीगाबिटचा वेग. ‘डेटा ओन्ली’ असेल तर आशा सोडा. तुमच्या दोन मॉडेलांतला फरक इथेच असणार.

‘यूएसबी ३.०’, ‘३.१ जेन १’ आणि ‘३.२ जेन १’ या एकाच ५ गीगाबिट वेगाच्या तीन पाट्या आहेत, वाढता आकडा पाहून भुलू नका. आणि हे बिट आहेत. बाइट हवे तर आठाने भागा.

मूळ विचारणाकर्ती

पाहिलं. एकात ‘डेटा ओन्ली’च निघालं, तो बाद. शेवटचा प्रश्न: उरलेल्याच्या तपशिलात रॅम ‘१६ जीबी डीडीआर५’ एवढंच आहे. डाक की स्लॉट, हे कसं ओळखू?

प्रतिसाद

नुसतं ‘डीडीआर५’ आहे, ‘एलपी’ नाही, तर स्लॉटाची शक्यता जास्त. खात्री करायची तर दुकानात मांडलेला नग चालू करून टास्क मॅनेजर उघडा, त्यात ‘परफॉर्मन्स’, मग ‘मेमरी’. खाली ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘सोडिम’ असेल तर पट्टी आहे, ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर डाक. त्याच्याच वर ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसेल. पट्टी असून ‘२ पैकी १’ असेल तर एक जागा रिकामी आहे.